रोज लिहायचं म्हणजे नेमकं किती? भुईकोट किल्ला आणि पहिल्या गिअरची गोष्ट

(हा आपल्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचा लिखित मसुदा. बोलताना आलेली पाल्हाळ थोडी कापली आहे, बाकी बोली तशीच ठेवली आहे. ऐकायला वेळ नसेल त्यांनी वाचा, वाचायला कंटाळा येत असेल त्यांनी ऐका.)



आजचा विषय तुमच्याच मेसेजमधून आलाय. वेगवेगळ्या शब्दांत पण प्रश्न एकच: "मला लिहायचंय, पण रोज लिहिणं जमत नाही. वेळच मिळत नाही." कुणाला आजोबांच्या आठवणी लिहून काढायच्यात, कुणाला टेक्निकल ब्लॉग सुरू करायचाय, कुणाच्या डोक्यात तीन वर्षं एक कादंबरी आहे. सगळ्यांची सुरुवात जोरात होते, आठवड्याभरात वही कपाटात जाते.

मी धंद्याने सॉफ्टवेअर इंजिनिअर. त्यामुळे कुठलीही गोष्ट चालत नसेल तर माझा पहिला प्रश्न असतो, अडतंय नेमकं कुठे? तर आज तेच बघू. त्यासाठी लांब जायची गरज नाही, आपल्या नगरच्या (आता अहिल्यानगरच्या) भुईकोट किल्ल्यातच एक भारी उदाहरण आहे.

वेळ हाच अडथळा आहे का?

ऑगस्ट १९४२. 'चले जाव'चा ठराव झाला आणि ९ ऑगस्टला पहाटे मुंबईत काँग्रेसच्या नेत्यांची धरपकड झाली. कार्यकारिणीतल्या लोकांना रेल्वेने आणून थेट आपल्या किल्ल्यात ठेवलं. नेहरू, पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव, पट्टाभी सीतारामय्या, गोविंद वल्लभ पंत, शंकरराव देव, हरेकृष्ण महताब अशी सगळी मोठी माणसं. ना सभा, ना दौरे, ना भेटायला येणारी गर्दी.

म्हणजे आपण ज्याची वाट बघतो तो 'मोकळा वेळ' या लोकांकडे सक्तीने होता. आणि यातले बरेचसे लिहिणारे होते.

आता गंमत बघा. नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' याच किल्ल्यात लिहिलं, हे आपल्याला शाळेपासून माहीत असतं. पण कधी लिहिलं? एप्रिल ते सप्टेंबर १९४४. आत येऊन वीस महिने झाल्यावर! त्याआधी ते डायरी लिहीत होते, पत्रं लिहीत होते, वाचत होते, बागकामही करत होते. किल्ल्यातली जमीन दगडगोट्यांची, जुन्या बांधकामाच्या राडारोड्याने भरलेली. ती रोज कित्येक तास, उन्हातसुद्धा खणून ते फुलांचे वाफे करायचे. हे त्यांनीच पुस्तकाच्या सुरुवातीला सांगितलंय, आणि मग आता कुदळ बाजूला ठेवून लेखणी हातात घेतली, असंही.

एकदा घेतली आणि पाच महिन्यांत हाताने लिहिलेली जवळपास हजार पानं झाली. हिशेब केला तर दिवसाला सहा-सात पानं.

वेळ तोच, जागा तीच, माणूस तोच. आधीचे वीस महिने पुस्तक नाही आणि नंतरच्या पाच महिन्यांत हजार पानं. का? पुरेसं कारण आपण बाहेरून सांगू शकत नाही, आणि नेहरूंच्या मनावर वर्तमानाचं ओझं होतं हेही खरं. पण एक गोष्ट नक्की कळते: नुसता वेळ मिळाला म्हणून लिखाण होत नाही. आपण 'रविवारी निवांत बसून लिहू' म्हणतो आणि रविवार येऊन जातो, त्याचंही हेच आहे.

मग अडतं कुठे? ट्रॉलीच्या पहिल्या हिसक्यात

गळीत हंगामात राहाता, कोपरगाव, नेवासा भागात रस्त्यावर उभं राहा. ऊस भरलेल्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर उभा असतो. तो हलताना बघा. इंजिन घुरघुरतं, सायलेन्सरमधून काळा धूर येतो, ट्रॉली एक हिसका देते आणि मग चाकं फिरतात. एकदा फिरली की तोच ट्रॅक्टर आरामात कारखान्याच्या काट्यापर्यंत जातो.

अकरावीच्या फिजिक्समध्ये हे शिकलोय आपण. स्थिर वस्तू हलवायला जितका जोर लागतो, त्यापेक्षा हलती वस्तू हलती ठेवायला कमी लागतो. लिखाणातही सगळ्यात महाग असतात ती पहिली दोन-तीन मिनिटं. कोरं पान, लुकलुकणारा कर्सर, आणि डोक्यात 'आत्मचरित्र लिहायचंय' असा वीस टनांचा ऊस.

आता सांगा, भरलेली ट्रॉली कुठला ड्रायव्हर चौथ्या गिअरमध्ये उचलतो? पहिला गिअर टाकतो. त्याला वेग नसतो, पण ओढ असते. लहान काम म्हणजे लिखाणाचा पहिला गिअर. ते तुम्हाला लांब नेत नाही, नुसतं हलवतं. पण थांबलेल्या माणसाला तेवढंच हवं असतं.

लहान म्हणजे नेमकं किती लहान?

इथे लोक फसतात. 'रोज एक पान' हे लहान काम नाही. 'रोज अर्धा तास' हेही नाही. नगर-पुणे एसटीने अपडाऊन करणाऱ्या किंवा सुप्याच्या एमआयडीसीत नाइट शिफ्ट करणाऱ्या माणसाला अर्धा तास म्हणजे डोंगर. आणि दोन्हींत काय लिहायचं हे ठरलेलंच नाही.

मी तीन कसोट्या लावतो:

१. अत्यंत वाईट दिवशीही होईल का? ताप आलाय, पाहुणे आलेत, रिलीज अडकलंय. तरी होईल इतकं लहान.

२. नेमकं काय करायचं हे वाचताक्षणी कळतं का? 'गावाबद्दल लिहायचं' यात कळत नाही. 'मंगळवारच्या बाजारात सगळ्यात आधी कोण दुकान मांडतं, ते पाच ओळींत' यात कळतं.

३. झालं की नाही, याचं उत्तर हो किंवा नाही असं येतं का? 'चांगलं लिहायचं' याचं उत्तर कधीच येत नाही. 'पाच ओळी' याचं येतं.

प्रत्यक्षात कसं करायचं, काही नमुने:

- "आजीचं चरित्र" याऐवजी: आजी चुलीपुढे बसायची तेव्हा तिच्या उजव्या हाताला काय काय ठेवलेलं असायचं, त्याची यादी.
- "डेटाबेसवर ब्लॉग" याऐवजी: आज ऑफिसमध्ये आलेला एक एरर आणि तो कशाने गेला, चार वाक्यांत.
- "दुष्काळावर लेख" याऐवजी: आमच्या वस्तीवर टँकर कितीला यायचा आणि पहिली घागर कुणाची लागायची.

बघा, प्रत्येक वेळी मोठा विषय सोडलेला नाही. त्याच शेतातला एकच वाफा घेतलाय. लहान काम म्हणजे लहान स्वप्न नव्हे.

एक वाचक, एक सुरुवात: आझादांची पत्रं

परत किल्ल्यात येऊ. नेहरू बाग खणत होते त्या काळात, त्याच आवारात मौलाना आझाद लिहीत होते. काय? पत्रं. आपले मित्र हबीबुर रहमान खान शेरवानी यांना. आणि ती पोस्टात टाकायची नव्हतीच, तशी सोयही नव्हती. लिहायची आणि ठेवून द्यायची. सुटकेनंतर १९४६ मध्ये त्यांचं पुस्तक झालं, 'गुबार-ए-खातिर'. उर्दू गद्यातलं अतिशय गाजलेलं पुस्तक.

या पत्रांत आपल्या कामाच्या तीन गोष्टी आहेत.

पहिली, वेळ आणि चहा. आझाद भल्या पहाटे उठायचे, स्वतः चहा करायचे. साधासुधा नाही, बिनदुधाचा, चिनी पांढऱ्या चमेलीचा चहा! त्यावर त्यांनी पत्रात भरभरून लिहिलंय. चहा झाला की लेखणी. वर्तनशास्त्रात आज जे सांगतात तेच हे आहे, नवी सवय जुन्या सवयीच्या शेपटाला बांधा. बी. जे. फॉग नावाच्या स्टॅनफर्डच्या संशोधकाची 'टायनी हॅबिट्स' ही पद्धत याच गाठीवर उभी आहे. तुमचा चहा दुधाचा, आल्याचा असला तरी काही बिघडत नाही. 'चहाचा कप ठेवला की वही उघडायची', इतकंच.

दुसरी, एकच वाचक. सगळ्या जगासाठी लिहायला बसलं की हात थिजतो. मित्राला लिहायचं म्हटलं की चहा, खोलीत घरटं करणाऱ्या चिमण्या, फुलं, संगीत, काहीही विषय चालतो. तुम्हीही एक माणूस ठरवा. धाकटी बहीण, जुना रूममेट, शाळेतले सर. त्याला पाठवायलाच पाहिजे असं नाही.

तिसरी, ठरलेली सुरुवात. आझादांची पत्रं एकाच संबोधनाने सुरू होतात. म्हणजे पहिली ओळ काय लिहू, हा प्रश्नच मिटला. आम्ही प्रोग्रामर नवी फाइल कोरी उघडत नाही, टेम्प्लेट वापरतो, तसंच हे. 'ताई, आज एक गंमत झाली' ही पहिली ओळ कायमची ठरवून टाका. नंतर खोडता येते.

आणि नेहरूंबद्दलही हे विसरू नका. त्यांच्या हजार पानांच्या मागे आधीच्या तुरुंगवासातली पत्रं होती. १९३० ते १९३३ या काळात मुलगी इंदिरेला लिहिलेली १९६ पत्रं, त्यांतूनच 'ग्लिम्प्सेस ऑफ वर्ल्ड हिस्टरी' तयार झालं. जगाचा इतिहास एका बैठकीत कोण लिहील? पण मुलीला एक पत्र लिहिता येतं. ते १९६ वेळा केलं.

एक प्रसंग, एक चित्र: लक्ष्मीबाई

तुम्ही म्हणाल, ही सगळी शिकलेली, मोठी माणसं. ठीक. मग लक्ष्मीबाई टिळक घ्या. जन्म १८६८. लहानपणी लग्न, शाळेचं शिक्षण असं नाहीच. रेव्हरंड ना. वा. टिळकांबरोबर त्यांनी नगर आणि राहुरीत बरीच वर्षं काढली. टिळक १९१९ मध्ये गेले. त्यांच्या आठवणी नोंदवून ठेवाव्यात या निमित्ताने लक्ष्मीबाई लिहायला लागल्या, आणि १९३४ पासून भागाभागांनी 'स्मृतिचित्रे' प्रसिद्ध झालं. तेव्हा त्यांनी पासष्टी ओलांडली होती. आज मराठीतली सर्वांत चांगली आत्मचरित्रं मोजताना हे नाव पहिल्या काहींत येतं.

पुस्तकाचं नावच बघा. 'चरित्र' नाही, 'चित्रे'. एक प्रसंग, मग दुसरा प्रसंग. घरातलं भांडण, प्रवास, प्लेग, सोवळंओवळं, नवऱ्याचा विक्षिपणा. प्रत्येक तुकडा ओट्यावर बसून सांगावा इतका. त्या तुकड्यांतूनच एका अख्ख्या काळाचं चित्र उभं राहिलं.

आणि त्यांनी हे लिहिलं नसतं तर? त्या काळातल्या नगरच्या घरांत एका बाईला काय वाटत होतं, हे आज आपल्याला कुठून कळलं असतं? आपण रोजच्या पाच ओळींबद्दल बोलतोय म्हणजे काही छंदवर्ग चालवत नाही. तुमच्या आजीला जे माहीत आहे ते दुसऱ्या कुणाकडे लिहिलेलं नाही.

धागा सोडून उठा

आता दुसऱ्या दिवशीचं बघू. आज पाच ओळी झाल्या, उद्या पुन्हा पहिला हिसका. तो हलका कसा करायचा?

हेमिंग्वे एका मुलाखतीत सांगून गेलाय की, पुढे काय होणार हे माहीत असताना थांबावं. विहीर पूर्ण उपसून उठायचं नाही. प्रोग्रामिंगमध्ये आम्ही हेच करतो. संध्याकाळी लॅपटॉप मिटण्याआधी एक टेस्ट मुद्दाम फेल होणारी सोडायची. सकाळी आल्यावर 'आता काय करू?' हा प्रश्न नाही, समोर लाल रेघ आहे, ती हिरवी करायची.

लिखाणात: उठताना पानाच्या तळाशी उद्याचं काम एका ओळीत लिहून ठेवा. "उद्या: मामा भाकरी बांधून कुठे निघाले होते ते." किंवा सरळ वाक्य अर्धवट तोडा. दिवसभर ते डोक्यात घोळत राहतं, भांडी घासताना, बसमध्ये, मीटिंगमध्ये. दुसऱ्या दिवशी बसता तेव्हा ट्रॉली उतारावर उभी असते.

खंड पडला तर?

पडणारच. लग्नसराई आहे, पेरणी आहे, प्रॉडक्शन डाऊन आहे.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी सवयींवर एक अभ्यास केला, तो २०१० मध्ये छापून आला. ९६ लोक, बारा आठवडे, प्रत्येकाने रोज एक छोटी नवी गोष्ट करायची. ती आपोआप व्हायला लागायला मधला आकडा आला ६६ दिवस, पण माणसामाणसांत १८ पासून २५४ दिवसांपर्यंत फरक. म्हणजे '२१ दिवसांत सवय' हे विसरा. आणि महत्त्वाचं म्हणजे, एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही.

आमच्या क्षेत्रातलं उदाहरण देतो. गिटहबवर पूर्वी सलग किती दिवस काम केलं त्याचा आकडा दिसायचा. लोक तो तुटू नये म्हणून सुट्टीच्या दिवशीही काहीतरी ढकलायचे. २०१६ मध्ये गिटहबने तो आकडा काढून टाकला. सलगपणाचा आकडा हा काचेसारखा असतो, चमकतो छान, पण एकदा फुटला की माणूस सगळंच सोडून देतो.

आझादांच्या पत्रांवरच्या तारखा बघा. कुठे लागोपाठच्या दिवशी पत्रं, कुठे मध्ये कित्येक आठवडे काहीच नाही. एप्रिल १९४३ मध्ये त्यांच्या पत्नी झुलैखा बेगम कलकत्त्यात वारल्या. आझाद इथे किल्ल्यात, शेवटची भेटही नाही. ११ एप्रिलच्या पत्रात त्यांनी त्याबद्दल लिहिलंय, वरवर दिनक्रम तसाच ठेवला पण आत काय चाललं होतं ते. अशा वेळी कुणी मोठा ग्रंथ लिहू शकत नाही. एक पत्र लिहिता येतं. लहान कामाची खरी किंमत तिथे कळते. ते चांगल्या दिवसांसाठी नसतंच, वाईट दिवशी हात धरायला असतं.

म्हणून नियम एवढाच ठेवा: खंड पडला की भरपाई नाही. तीन दिवस चुकले म्हणून चौथ्या दिवशी वीस ओळी नाहीत. पाचच. पुन्हा पहिला गिअर.

हात चालत नसेल तर तोंड चालवा

काही लोकांचं लिहिताना अडतं, बोलताना नाही. त्यांना आपल्या जिल्ह्यातलं सगळ्यात मोठं उदाहरण आहेच. नेवाशाला, पैस खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी गीतेवर निरूपण केलं आणि सच्चिदानंदबाबांनी ते लिहून घेतलं, अशी परंपरा आहे. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०. सुमारे नऊ हजार ओव्या, आणि एक ओवी म्हणजे चारच चरण! (एका अर्थाने सच्चिदानंदबाबा हे आमच्यासारख्या ट्रान्सक्रिप्ट करणाऱ्यांचे मूळपुरुष, हो की नाही?)

तुमच्या फोनमध्ये सच्चिदानंदबाबा आहेत. मराठी व्हॉइस टायपिंग चालू करा, दोन मिनिटं बोला. चुका भरपूर होतील, जोडाक्षरांचा चुराडा होईल. पण कोरं पान उरणार नाही. चुकीचं दुरुस्त करणं हे कोऱ्यावर लिहिण्यापेक्षा कितीतरी सोपं असतं.

एक धोका

लहान कामांचा एक तोटाही सांगतो. ती पळवाट होऊ शकतात. कुठलं ॲप चांगलं, कुठला फॉन्ट, वही रेघांची की कोरी, हीसुद्धा लहानच कामं आहेत. पण यातून एकही वाक्य तयार होत नाही. त्यामुळे कसोटी कडक ठेवा: ज्या कामाच्या शेवटी पानावर नवी ओळ नाही, ते लिखाणाचं काम नाही.

आणि तुकडे आपोआप जुळत नाहीत. मोळी बांधल्याशिवाय ट्रॉली भरत नाही. आठवड्यातून एकदा, समजा रविवारी, नवं काही लिहू नका. सहा दिवसांचे तुकडे वाचा, कुठले दोन एकमेकांना ओळखतात ते बघा, ते शेजारी ठेवा. पाच ओळी रोज, सहा दिवस, म्हणजे आठवड्याला तीस ओळी. वर्षाला दीड हजारांच्या वर. त्यातल्या निम्म्या फेकल्या तरी उरतं ते थोडं नाही.

पहिला आठवडा: तयार आराखडा

- सोमवार: ज्याला लिहायचं तो माणूस ठरवा. त्याला पाच ओळींत सांगा की तुम्ही आत्ता कुठे बसलाय आणि काय आवाज येतायत.
- मंगळवार: घरातल्या एका वस्तूची गोष्ट. ती कुणी, कधी, कुठून आणली.
- बुधवार: आज कुणीतरी बोललेलं एक वाक्य जसंच्या तसं, आणि ते का लक्षात राहिलं.
- गुरुवार: दोन मिनिटं बोलून टाइप करा. विषय: लहानपणीची एक भीती.
- शुक्रवार: कालचं दुरुस्त करा आणि त्यात एक नवी ओळ घाला.
- शनिवार: एक वाक्य मुद्दाम अर्धवट सोडा.
- रविवार: ते पूर्ण करा. मग सगळं वाचा. दोन तुकडे जोडा.

रोज उठताना खाली 'उद्या:' लिहायला विसरू नका. तुमच्याकडे कोण आहे ज्याची गोष्ट फक्त तुम्हाला माहीत आहे, त्या माणसापासून सुरू करा. माझ्या वहीच्या तळाशी आत्ता लिहिलंय, 'उद्या: आजोबांची सायकल कुणी विकत घेतली.'

चला, भेटू पुढच्या भागात. तोवर पाच ओळी होऊन जाऊ द्या.